वावरात फसलेलं डकोटा

सोनाळ्याच्या हायस्कुलात मी सायन्स शिकवायला आले ती सदुसष्ट सालच्या जूनमध्ये. उत्तमरावांच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. ट्रंक उघडून पहिलंच पातेलं बाहेर काढलं होतं, एवढ्यात उत्तमरावांचा मुलगा शालिग्राम दारात येऊन उभा राहिला. वय अडतीस, पाठ ताठ, हातात पाटी.

"बाई, पंच्याण्णव फूट सहा इंचाले बहात्तरनं भागलं तं किती येते?"

मी पातेलं खाली ठेवून भागाकार केला. "सोळा इंचाला एक बारांश कमी. सोळाच धरा ना."

"नाही धरता येत. इथला बारांश इंच म्हणजे खऱ्यातला अर्धा फूट. अर्धा फूट जास्तीच्या पंखाचं डकोटा विमान जगात नाही, बाई."

बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला इतका काटेकोर माणूस भेटला नव्हता. त्या संध्याकाळी मी त्याला बहात्तरचा पाढा शंभरापर्यंत लिहून दिला, आणि मग पातेली लावली.

शालिग्राम पंधरा वर्षं हवाई दलात फिटर होता. पंख, शेपूट, चाकं, म्हणजे विमानाचं सगळं अंग नीट आहे की नाही हे पाहणं त्याचं काम. पन्नास साली, ऐन पेरणीत, तो तिफण अर्ध्या वावरात सोडून भरतीला गेला. उत्तमरावांनी ती पेरणी एकट्यानं पूर्ण केली, आणि कोणी विचारलंच तर "पोरगा इमानं पुसाले गेला" एवढं सांगितलं. पोरगा परत आल्यावर त्यांनी त्याला सगळं विचारलं. तिकडं डाळ कोणती भेटते, पाणी गोड की खारं, थंडी किती पडते. विमानाबद्दल विचारलं नाही. शालिग्रामनं "आमच्या डकोटाले..." म्हणून सुरुवात केली, की उत्तमरावांना बैलांना पाणी दाखवायची आठवण व्हायची. त्या घरचे बैल जिल्ह्यात सर्वांत जास्त पाणी प्यालेले असावेत.

"दोन वर्षं झाली याले घरी येऊन," शालिग्रामची आई गोजरबाई मला म्हणाल्या, "पण बुढ्यानं इमानाचा 'इ' काढला नाही तोंडातून. पोरगं झुरते, बाई."

म्हणून शालिग्राम डकोटा करत होता. बहात्तरास एक या मापाचं, एक इंचाला सहा फूट. त्याला बक्षीस नको होतं, नाव नको होतं.

"बाबानं एकदा पाहावं," तो मला म्हणाला, "अन विचारावं, का बा तू हे करत होता काय? एवढंच. मंग मी हे चुलीत घालाले तयार हाय."

"चुलीत घालायच्या आधी मला सांगा," मी म्हटलं. कारण एव्हाना माझाही त्यात सात महिन्यांचा भागाकार होता.

अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, काचपेपरानं घासून घासून गालासारखं केलेलं. खिडक्या एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या, सोड्यानं धुतलेल्या. एका खिडकीतून कोणाची तरी बरगडी पुसटशी दिसायची, ती त्यानं शेपटीच्या बाजूला लावली. चाकं म्हणजे कोटाची बटणं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो चंदेरी रंग वरून दिला, तीन हात, आणि प्रत्येक हातानंतर माशा बसू नयेत म्हणून घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं पंखा हलवला. उत्तमराव सोडून.

विमान तयार झालं. शालिग्रामनं ते ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं, जिथं उत्तमराव दिवसातून वीस वेळा हात घालतात. कारण चुन्याची डबी तिथं असते. उत्तमराव आले. विमान डाव्या हातानं बाजूला सरकवलं, डबी घेतली, तंबाखू मळली, डबी ठेवली, विमान परत जागेवर सरकवलं आणि बोटाला लागलेला चुना त्याच्या उजव्या पंखाला पुसला.

शालिग्राम त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तो माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. "चूक माहीच हाय, बाई. विमान नुसतं ठेवलं तं खेळणंच दिसन. त्याले जमीन पाह्यजे. धावपट्टी काढली तं बाबानं कधी पाह्यली नाही. बाबा पाहते कुठी? वावराकडं. मंग विमान वावरातच उतरवतो. नाल्याकाठच्या आपल्याच वावरात. तेल सरलं, उतरा लागलं, उभ्या पराटीत."

पराटी म्हणजे इकडे कपाशीचं झाड. मी विचारलं, "किती झाडं लागतील?"

"तेच तं भागाले आलो."

तीस इंच लांब, वीस इंच रुंद अशी फळी. म्हणजे अर्ध्या एकराला थोडं कमी. शालिग्रामनं नाल्याकाठच्या वावरातली काळी माती आणली, मलमलीतून चाळली, डिंकात कालवून फळीवर थापली. नुसती माती वाळली असती तर तिला पाव इंचाची भेग पडली असती. पाव इंच म्हणजे दीड फूट. त्या भेगेत बैल गेला असता. डिंकानं ते टळलं. पराटीसाठी गवताच्या मुळ्यांचे बारीक तुकडे, सव्वापाच फुटाची झाडं होऊ नयेत म्हणून प्रत्येकी अर्ध्या इंचावर कापलेले, आणि टोकाला खऱ्या कापसाचा कण. ते तो चिमट्यानं रोवत बसला. दोन ओळी झाल्या.

उत्तमराव चुन्यासाठी आले, आणि थांबले.

"हे माती कुठली?"

"नाल्याकाठची, बाबा."

"दिसून राह्यली ना मले." ते उकिडवे बसले. "अन हे काय केलं? दोन ओळींत अंतर किती ठेवलं हे?"

"अर्धा इंच. म्हणजे तीन फूट."

"तीन फूट!" उत्तमराव माझ्याकडे वळले, जणू मी पंचायत होते. "बाई, तीन फुटानं कोणी पेरते काय? मधातून लगनाची वरात काढाची हाय काय? आपण दीडनं पेरतो, शाल्या. तुले आठवत नाही कारण तू पेरणीतून पळाला."

शालिग्रामनं माझ्याकडे पाहिलं. वडील सोळा इंचांच्या विमानापासून एक वीत अंतरावर बसले होते, आणि विमानाकडे त्यांची पाठ होती. पण बसले तरी होते.

"तुमी सांगा ना मंग कशी पेराची," तो म्हणाला.

ही त्याची चूक झाली. त्यानंतर ती फळी त्याची राहिली नाही.

उत्तमरावांनी आधी दोन ओळी उपटायला लावल्या. मग सुनेची, म्हणजे सुभद्राबाईंची, लाकडी फणी मागून घेतली आणि तिचे दात असे पाडले, की उरलेल्या तीन दातांत पाव-पाव इंच अंतर राहील. झाली तिफण. ती ओल्या मातीतून ओढली, की पेरायच्या तीन ओळी, म्हणजे तीन तासं, एकदम पडायची. सुभद्राबाईंनी चार दिवस केस हातानंच विंचरले. झाडं आता दुपटीहून जास्त लागणार होती, म्हणून गोजरबाई मुळ्या कापायला बसल्या, मीही वह्या तपासून झाल्यावर बसायचे. उत्तमराव चिमटा धरायला शिकले. खरं वावर गड्यावर सोडून ते ओसरीत वावर करू लागले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, त्यांनी बोरीची दोन झाडं उगवली, बांधाला एक फुटलेली जागा ठेवली, "तिथून उकंडरावची गाय येते," म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात ती जागा काट्यांनी बुजवली. एका दुपारी मी शाळेतून आले, तर ते भिंगातून वावर न्याहाळत होते.

"काय पाहता, आजोबा?"

"बोंडअळी तं नाही ना पडली, ते पाहून राह्यलो."

मला वाटलं ते गंमत करत आहेत. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. नव्हती.

शेवटी विमान ठेवायचा दिवस आला. शालिग्रामनं चाकांच्या दोन चाकोऱ्या काढल्या, त्यांत आडवी झालेली पराटी मोजून पाहिली, दोनशे सोळा झाडं, आणि विमान दोन्ही हातांत धरून अलगद खाली ठेवलं. ते खरंच वाटत होतं. नाक थोडं वर, शेपूट पराटीत, पंखाखाली सावली. मी भागाकार विसरून बघत राहिले.

उत्तमरावांनीही पाहिलं.

"दोनशे झाडं मारलीस, बे," उत्तमराव म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

अडुसष्टच्या दिवाळीनंतर संग्रामपूरला शेतकी प्रदर्शन भरलं. उत्तमरावांनी घरात कोणाला न विचारता नाव नोंदवलं. आम्ही बैलगाडीनं निघालो. गोजरबाईंच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं विमान, आणि उत्तमरावांच्या मांडीवर वावर. धक्का बसला की ते गाडीवानाला म्हणायचे, "हळू, पीक उभं हाय."

मांडवाच्या दारात टेबल टाकून निवृत्ती नावाचा कारकून बसला होता. त्यानं रजिस्टर उघडलं. "उत्तमराव, सोनाळा. कपाशी. बरोबर?"

"कपाशी?" शालिग्राम म्हणाला. "बाबा, हे डकोटा विमान हाय."

"विमानाचा रकाना नाही," निवृत्ती म्हणाला. "धान्य, कपाशी, भाजीपाला, फळं, गुरं. विमान कशात बसवू? गुरात?"

"कपाशीतच राहू द्या," उत्तमराव म्हणाले. "विमान काढून ठेव, शाल्या. साहेब पाहून गेले का परत ठेवजो. पिकात घुसलेलं वाईट दिसते."

मी शालिग्रामला तोवर कधी वडिलांसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही त्यानं चढवला नाही. फक्त म्हणाला, "विमान निंघन तं वावरही निंघन. फळी माही हाय." विमान कपाशीतच राहिलं.

मांडव दक्षिणोत्तर लांब होता. शाळेची बाकं एकाला एक लावून सगळ्यांची मांडणी केली होती. आमच्या फळीच्या उत्तरेला दोडकी होती. दक्षिणेला कांदे, वांगी आणि त्यानंतर उकंडरावांचा कोहळा. उकंडराव म्हणजे तेच, ज्यांची गाय येते. कोहळा चौदा इंच उंच होता. मी सवयीनं गुणाकार केला: चौऱ्याऐंशी फूट. डकोटाचं नाक नेमकं त्याच्याकडे होतं.

लोक जमले. सगळे शेतकरी, आणि सगळे वावर पाहत होते. "माती नाल्याकाठची दिसते." "दीडनं पेरली, बरं केलं." "हे बोरी काढून टाका, सावली पडते पिकावर." एकानं विमानाच्या पंखाखाली बोट घालून पराटी चाचपली. शालिग्राम मागे हात बांधून उभा होता. प्रत्येक जण आला, की तो थोडा पुढे व्हायचा, आणि तो वाकला की परत मागे.

मग शेतकी खात्याचे साहेब आले, भगवंतराव. भला माणूस, चष्मा, हातात वही. त्यांनी वाकून पाहिलं. "वा. ओळी सुरेख. मर किती? झाडं किती वाळली?"

"मर नाही, साहेब," उत्तमराव म्हणाले. "फक्त हे दोनशे..."

"दोनशे सोळा," मी म्हटलं.

"...हे इमानाखाली गेले."

"हं." साहेबांनी वहीत काही लिहिलं. शालिग्रामनं तोंड उघडलं, पण त्याआधी उकंडराव बोलले. ते कोहळ्यावर कोपर टेकून उभे होते.

"का हो उत्तमराव, एवढं मोठं इमान वावरात घुसेपर्यंत तुमी झोपले होते काय? अन आता फसलं. नाल्याकाठची माती. माही रिकामी गाडी फसली होती तिथं. हे तं निंघतच नाही."

मांडवात हशा झाला. मला वाटलं, उत्तमरावही हसतील. पण ते हसले नाहीत, आणि आजूबाजूचे हसणारेही एकेक करून थांबले.

इकडे एक रीत आहे. ज्याच्या वावरात दुसऱ्याची गाडी फसली, त्यानं आपले बैल जुंपून ती बाहेर काढून द्यायची. गाडी कोणाची, कशाला आली, पीक किती तुडवलं, हे नंतर. आधी गाडी बाहेर. फसलेली गाडी वावरात तशीच ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. आणि उकंडरावांनी चार गावांच्या माणसांसमोर सांगितलं होतं, की उत्तमरावांच्या वावरात गाडी फसली आहे, आणि ती निघत नाही.

उत्तमराव फळीकडे वळले. विमानाच्या पोटाखाली पाहिलं. चाकं पाहिली. शेपूट पाहिली. मग मान वर करून मुलाला विचारलं:

"शाल्या, निंघते का नाही हे?"

"निंघते ना, बाबा," तो म्हणाला. "चाकं साबूत हाय. तेल भरलं का निंघन."

"किती बैल लागतीन?"

"बैल नाही लागत. इंजिनं हाय ना. हे एक, हे एक. एकेक बाराशे घोड्यांचं."

"चोवीसशे घोडे?" उत्तमराव म्हणाले. "यात?"

"यात."

"अन दाणापाणी?"

"तासाले दोन पिंपं पेट्रोल." उत्तमराव किंचित मागे सरले. "पण रिकामं असलं अन समोर मोकळं भेटलं, तं बाराशे फुटांत उचलते."

"बाराशे फूट म्हणजे इथलं किती?"

सगळे माझ्याकडे वळले. "सोळा फूट आठ इंच," मी म्हटलं.

उत्तमरावांनी विमानाच्या नाकासमोर पाहिलं. मग दोन बोटं जमिनीत घातली आणि नाकासमोरची पराटी उपटायला सुरुवात केली.

"अहो, अहो!" निवृत्ती धावत आला. "नंबर लागायचा आहे! पीक उपटलं तर नंबर कसा लागेल?"

"नंबर राहू द्या. इथं माणसाचं इमान अडलं." हातातली पराटी त्यांनी निवृत्तीच्या रजिस्टरवर ठेवली. "कांदे उचला. वांगे कोणाचे हाय? उचला भाऊ, रस्ता पाह्यजे. उकंडराव, कोहळा काढा."

"नाही काढत," उकंडराव म्हणाले. "कोहळा नोंदवलेला हाय. इमानाले जायचं तं वरून जाईन."

"नाही जात, काका," शालिग्राम म्हणाला. "तुमचा कोहळा चौऱ्याऐंशी फूट हाय."

उकंडरावांनी कोहळ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर जो अभिमान आला, तो पहिलं बक्षीस मिळालं असतं तरी आला नसता. "चौऱ्याऐंशी!" ते म्हणाले. "मंग तं बिलकूलच काढत नाही."

भांडण पेटणार होतं. साहेबांनी वही बगलेत घातली होती आणि ते कोणाची बाजू घ्यावी याचा विचार करत होते असं दिसलं. तेवढ्यात उत्तमरावांनी विचारलं, "शाल्या, ह्याले वारा कसा लागते? पाठीमागून?"

"नाही, बाबा. तोंडावर. वाऱ्याच्या तोंडावर धावलं तरच उचलते."

"तोंडावर?" उत्तमरावांनी शेजारच्या गव्हाच्या सुपातून चिमूटभर कोंडा घेतला आणि हात उंच करून सोडला, खळ्यावर उफणताना सोडतात तसा. कोंडा दक्षिणेकडे उडाला, उकंडरावांच्या धोतरावर. "वारा सातपुड्याकून हाय. अन या दिवसात नाल्याकाठीही तिकूनच राह्यते. मंग हे उलटं उभं केलं तू! पंधरा वर्षं काय केलं बे तिथं?"

शालिग्रामचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटतं, आयुष्यात इतक्या आनंदानं कोणी चूक कबूल केली नसेल. "उलटंच हाय, बाबा. चुकलं माह्यं."

उत्तमरावांनी दोन्ही हातांनी विमान उचललं. पंखांखाली तळवे घालून, नवं वासरू उचलतात तसं. वळवलं, आणि नाक उत्तरेकडे करून ठेवलं. उत्तरेकडची पराटी उपटली. दोडकीवाल्यानं न सांगता दोडकी उचलली.

"म्हणजे," उकंडराव म्हणाले, "माह्या कोहळ्याचं काय?"

"तुमचा कोहळा आता आडवा नाही येत."

"नाही येत?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी कोहळा उचलला, खाली जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "तरी राहू द्या खाली. मोकळी जागा मांगून कामात पडन."

फळी धरून उत्तरेकडे बाकं सात फूट होती. त्यापुढे भगवंतराव साहेबांचं टेबल, सहा फूट. साहेब म्हणाले, "हे बघा, हे टेबल परीक्षकांसाठी..." आणि स्वतःचा चहाचा कप उचलून बाजूला झाले. टेबल बाकांना भिडवलं. अजून तीन फूट आठ इंच हवे होते, तेवढं निवृत्तीचं टेबल पुरलं. निवृत्ती रजिस्टर छातीशी धरून उभा राहिला. पण साहेबांचं टेबल बाकांपेक्षा दोन इंच उंच निघालं.

"दोन इंच चालते ना?" कोणी तरी विचारलं.

"बारा फुटांची पायरी होते," मी म्हटलं.

उकंडराव कुदळ घेऊन आले. साहेबांच्या टेबलाच्या चार पायांसाठी त्यांनी चार खड्डे खोदले, दोन-दोन इंचांचे. मी पट्टी लावून पाहिलं. एका खड्ड्यात एक सूत माती परत टाकावी लागली. मग त्याच मापानं निवृत्तीचं टेबल.

रस्ता तयार झाला. सोळा फूट आठ इंच, वर एक दाणाही नाही. दोन्ही बाजूंना सत्तर-ऐंशी माणसं. विमान फळीच्या दक्षिण काठावर, नाक वाऱ्याकडे. सगळे वाट पाहू लागले.

काही होईना.

"चालू करा ना," मागून कोणी तरी म्हणालं.

शालिग्रामनं घसा साफ केला. "बाबा, हे लाकडाचं हाय."

"मले मालूम नाही काय? तुह्या मायनं सात महिने भुसा झाडला." उत्तमराव विमानापाशी उभे होते. त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं. "तुह्यं काम कोणतं राहे यात? सांग बरं. अगदी निंघायच्या टायमाले तू काय करत होता?"

शालिग्राम शेपटीपाशी आला. मग त्यानं सांगितलं. कसं तो पहाटे विमानाभोवती एक फेरी घाले. पंखाचे सांधे हातानं हलवून पाही. शेपटीचं सुकाणू, चाकांतली हवा, खालून तेलाचा थेंब तरी आहे का. मग चाकाखालचे अडसर काढून तो बाजूला होई, पायलट त्याच्याकडं पाही, आणि सगळं बरोबर असलं की तो अंगठा वर करी. "असा."

"अन अंगठा नाही दाखवला तं?"

"तं जात नाही, बाबा. आत कितीही मोठा साहेब बसला असला तरी."

उत्तमरावांनी लोकांकडे पाहिलं. "ऐकलं काय?" ते म्हणाले. "याच्या अंगठ्यावर जाये." मग त्यांनी धोतराचा काष्टा घट्ट केला, विमान पंखाखाली धरलं, रस्त्याच्या सुरुवातीला वाकून उभे राहिले आणि घशातून मोठ्यानं आवाज काढला: "ढर्रर्रर्र..."

"अवो!" गोजरबाई म्हणाल्या. "सत्तरी झाली तुमची!"

"एकच इंजिन चालू झालं," शालिग्राम म्हणाला. काम म्हणजे काम. "एका इंजिनवर नाही उचलत."

उत्तमरावांनी आवाज न थांबवता उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी कुदळ खाली टाकली, दुसऱ्या पंखापाशी आले, आणि त्यांनी जो आवाज काढला, तो ऐकून गुरांच्या मांडवात एक म्हैस उठून उभी राहिली.

शालिग्राम वाकला. विमानाभोवती फेरी घातली, म्हणजे दोन्ही म्हाताऱ्यांभोवती. पंखाचे सांधे पाहिले. चाकं पाहिली. उजव्या पंखाखाली एक पराटी अडकली होती ती काढली. मग बाजूला होऊन ताठ उभा राहिला आणि अंगठा वर केला. समोर भगवंतराव साहेब होते. "मला ठेंगा दाखवता?" ते म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही, कारण डकोटा निघालं होतं.

मी घड्याळ लावलं होतं. सोळा फूट आठ इंचांना सतरा सेकंद लागले. वेग एकसारखा वाढत गेला असं धरलं, तर शेवटी तो खऱ्या मापात ताशी शहाण्णव मैल होतो, आणि तेवढ्यात डकोटा आरामात उचलतं. निवृत्तीच्या टेबलाच्या कडेशी दोघांनी हात वर केले. उकंडरावांना तिथं खोकला आला आणि उजवं इंजिन बंद पडलं, पण उत्तमराव थांबले नाहीत. ते विमान डोक्यावर धरून मांडवाच्या दारातून बाहेर पडले, गुरांच्या रांगेतून गेले, आणि मागून शालिग्राम धावत होता:

"बाबा, चाकं! चाकं आत घ्या! उडल्यावर चाकं आत घ्या लागते!"

"थे तुह्यं काम!" उत्तमराव वळून न पाहता ओरडले. "ये वर!"